घटक ५ : परदेशस्थांची नजर – यंत्र, प्रवास आणि संस्कृती

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –

• प्रवासी लेखक आणि परदेशस्थ लेखक यांच्या भूमिकांतील फरक सांगता येईल.
• एकोणिसाव्या शतकातील आगबोट, आगगाडी, टपाल व तारायंत्र यांनी मराठी लेखनात घडवून आणलेला बदल स्पष्ट करता येईल.
• आनंदीबाई जोशी यांची पत्रे आणि पंडिता रमाबाई यांचे अमेरिकाविषयक लेखन यांचा यंत्र, प्रवास व संस्कृती या तीन अंगांनी विचार करता येईल.
• आजच्या परदेशस्थ मराठी माणसाचे लेखन चिकित्सकपणे वाचता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन या साहित्यप्रकाराची सर्वसाधारण ओळख आपल्याला आहे. या घटकात आपण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, परंतु त्याहून काहीशा वेगळ्या अशा लेखनाचा अभ्यास करणार आहोत. स्वदेश सोडून परदेशात काही वर्षे राहिलेल्या माणसाने तेथील यंत्रे, तेथील जाणे-येणे आणि तेथील लोकजीवन यांविषयी केलेले चिंतन हा आपला विषय आहे.

असे लेखन म्हटले की आजच्या वाचकासमोर संगणक क्षेत्रात काम करणारा, अमेरिकेत स्थायिक झालेला तरुण उभा राहतो. पण या लेखनाची परंपरा मराठीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्या आरंभी दोन स्त्रिया आहेत. पहिल्या डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) आणि दुसऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). दोघी १८८३ साली भारताबाहेर पडल्या, दोघींनी अमेरिकेत काही वर्षे काढली, आणि दोघींनी त्या अनुभवाविषयी लिहिले. एकीने पत्रे लिहिली. दुसरीने पत्रांबरोबर एक स्वतंत्र ग्रंथही लिहिला.

परदेशातील यंत्र पाहून थक्क होणे सोपे आहे. ते यंत्र कोणत्या सामाजिक व्यवस्थेवर उभे आहे, त्याचा लाभ कोणाला मिळतो आणि त्याच्या आवाक्याबाहेर कोण राहतो, हे पाहणे अवघड असते. परदेशस्थाच्या लेखनाचे मोल या अवघड पाहण्यावर ठरते, हे या घटकाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ प्रवासी आणि परदेशस्थ

प्रवाशाला परतीची तारीख ठाऊक असते. तो पाहतो, टिपतो आणि परततो. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ किंवा गंगाधर गाडगीळ यांचे ‘साता समुद्रापलीकडे’ ही पुस्तके आठवून पाहा. नव्या देशाचे पहिले दर्शन, त्यातून उपजणारे कुतूहल आणि विनोद, हा अशा लेखनाचा प्राण असतो.

परदेशस्थाची गोष्ट निराळी आहे. त्याला त्या देशात भाड्याची खोली शोधावी लागते, थंडीचे कपडे शिवावे लागतात, आजारपण काढावे लागते, तेथील कायद्याला सामोरे जावे लागते. पहिल्या आठवड्यातील नवल सहाव्या महिन्यात उरत नाही. त्याच्या जागी सवय येते, आणि सवयीबरोबर तुलना येते. ही तुलना दुहेरी असते. परक्या देशाकडे तो मायदेशाच्या नजरेने पाहतो आणि काही काळाने मायदेशाकडे परक्या देशाच्या नजरेने पाहू लागतो. त्याच्या लेखनातील ताण आणि विचार या दुहेरी नजरेतून जन्माला येतात.

या दोन भूमिका काटेकोरपणे वेगळ्या नसतात. एकच लेखक आरंभी प्रवासी असतो आणि पुढे परदेशस्थ होतो. तरीही लेखन वाचताना ‘लिहिणारा येथे किती काळ राहिला आहे?’ हा प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते.

५.२.२ पार्श्वभूमी : बदललेले अंतर

विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात फिरले. ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) या त्यांच्या पुस्तकात अंतर हे मुख्यतः पायांनी मोजलेले आहे. मजल, मुक्काम, धर्मशाळा, नदीचा उतार ही त्या प्रवासाची एकके आहेत.

त्याच सुमारास हे माप बदलू लागले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली. १८६६ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तार कायमची चालू झाली. १८६९ हे वर्ष तर विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम भागांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि नोव्हेंबरमध्ये सुएझचा कालवा वाहतुकीस खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालून जाण्याची गरज संपली. १८७६ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला, त्यामुळे परदेशी पत्र पाठविणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले.

यंत्राने समुद्र ओलांडणे सोपे केले, पण समाजाने ते सोपे केले नव्हते. समुद्रपर्यटन हे उच्चवर्णीय हिंदू समाजात निषिद्ध मानले जाई. परतलेल्या माणसाला प्रायश्चित्ताचा आणि बहिष्काराचा प्रश्न भेडसावत असे. स्त्रीने एकटीने जाणे तर कल्पनेपलीकडचे होते. म्हणून त्या काळातील परदेशगमनाची कथा सांगताना बंदरातील आगबोटीइतकेच घरातील उंबरठ्याकडेही पाहावे लागते.

५.२.३ आनंदीबाई जोशी : पत्रांतील काळ

आनंदीबाईंच्या जीवनकथेत टपाल हा केवळ पार्श्वभूमीचा तपशील नाही. त्यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्यात नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता व श्रीरामपूर येथे राहिल्या. पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागणारे गोपाळरावांचे पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात ते आले आणि त्यांनी आनंदीबाईंना लिहिले. एकमेकींना कधीही न पाहिलेल्या दोन स्त्रियांमध्ये टपालाच्या आधारे जिव्हाळ्याचे नाते जडले. पुढे अमेरिकेत त्यांचेच घर आनंदीबाईंचे माहेर झाले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जात आहोत, हे जाहीरपणे सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी त्यांची भूमिका होती. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला पोहोचल्या. प्रवासास ५८ दिवस लागले. त्यांच्या आगमनाच्या अवघे अकरा दिवस आधी, २४ मे रोजी, ब्रुकलिनचा प्रचंड झुलता पूल वाहतुकीस खुला झाला होता. त्या शहराच्या एका भागात एडिसनच्या वीजकेंद्रातून दिवे लागू लागल्याला वर्षही झाले नव्हते. अशा शहरात अठरा वर्षांची, नऊवारी नेसणारी, शाकाहारी तरुणी उतरली.

तिच्यापुढचे पहिले प्रश्न मात्र पुलाचे आणि विजेचे नव्हते. थंडीत लुगडे कसे नेसावे, काय खावे, काय टाळावे, हे ते प्रश्न होते. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. या लहानशा बदलाकडे आपण अभ्यासक म्हणून बारकाईने पाहिले पाहिजे. परदेशी वेष स्वीकारणे आणि स्वदेशी वेष हट्टाने जपणे या दोन टोकांमधला तो व्यवहारी, तरीही विचारपूर्वक निवडलेला मार्ग आहे. परदेशस्थाची संस्कृती बहुतेक वेळा अशा दैनंदिन तडजोडींतून टिकते किंवा बदलते.

आता पत्रांकडे वळू. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेल्या आनंदीबाईंच्या चरित्राला या पत्रव्यवहाराचा मोठा आधार आहे. अमेरिकेतून निघालेले पत्र इंग्लंडमार्गे हिंदुस्थानात पोहोचण्यास एक महिन्याहून अधिक काळ लागे. उत्तर येण्यास तितकाच. एका प्रश्नाचे उत्तर हाती पडेपर्यंत ऋतू बदललेला असे. या विलंबाचा परिणाम मजकुरावर होतो. गोपाळरावांच्या पत्रांत कधी जिव्हाळा आहे, तर कधी संशय आणि जाचक बोल. एखादा कठोर शब्द आनंदीबाईंना दुखवून जाई. त्यांचा खुलासा पोहोचेपर्यंत तिकडे तो राग ओसरलेला असे किंवा नवे काही सुचलेले असे. समोरासमोर घडीभरात मिटणारा रुसवा पत्रांत महिनोन्‌महिने जिवंत राही. म्हणून ही पत्रे वाचताना प्रत्येक पत्रावरील तारीख हा मजकुराचाच भाग समजावा.

आनंदीबाईंनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी संपादन केली. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. आधुनिक वैद्यक शिकताना स्वतःच्या परंपरेतील ज्ञान तपासून पाहण्याची ही वृत्ती लक्षणीय आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या.

येथे विज्ञानाच्या इतिहासातील एक नोंद ध्यानात घ्यावी. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस निघण्याच्या आदल्या वर्षी, शोधला होता. त्यावरील पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळण्यास १९४० चे दशक उजाडावे लागले. रोगाचे कारण कळले होते, उपाय नव्हता. ज्या शास्त्राच्या ओढीने त्या सातासमुद्रापार गेल्या, ते शास्त्र त्यांना वाचवू शकले नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यू यॉर्क राज्यातील पकिप्सी येथील त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. ज्या टपालाने हे नाते जोडले, ते असे शेवटास गेले. यंत्रयुगाने अंतर कमी केले, आयुष्य वाढविले नाही, ही जाणीव या पत्रांच्या आजच्या वाचकाला टाळता येत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

योग्य शब्द लिहून रिकाम्या जागा भरा.
(१) आनंदीबाई ज्या बोटीने अमेरिकेस गेल्या तिचे नाव ............ .
(२) गोपाळराव जोशी ............ खात्यात नोकरीस होते.
(३) सुएझचा कालवा ............ साली वाहतुकीस खुला झाला.

५.२.४ पंडिता रमाबाई : यंत्रामागील व्यवस्था

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वैद्यकीय शिक्षणाचा त्यांचा हेतू श्रवणदोषामुळे सिद्धीस गेला नाही, तेव्हा त्या अध्ययन-अध्यापनाकडे वळल्या. ‘इंग्लंडचा प्रवास’ (१८८३) हे त्यांचे पहिले प्रवासविषयक लेखन पत्ररूप आहे. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. काही महिन्यांसाठी म्हणून केलेला हा प्रवास पुढे अडीच वर्षांहून अधिक लांबला. १८८९ च्या आरंभी त्या भारतात परतल्या आणि त्याच वर्षी त्यांचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाच्या नावापासूनच अभ्यासाला आरंभ करता येतो. नावात दोन पदे आहेत. ‘लोकस्थिति’ हे पद आधी आहे, ‘प्रवासवृत्त’ नंतर. लेखिकेने स्वतःला दुय्यम स्थान दिले आहे. मी कोठे गेले, काय खाल्ले, कशी दमले, हे सांगण्यापेक्षा तेथील लोक कसे जगतात हे सांगणे तिला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यानुसार अटलांटिकवरील बोटीच्या प्रवासाने आरंभ होत असला, तरी ग्रंथाचा मोठा भाग शासनपद्धती, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व धर्मादाय कार्य आणि स्त्रियांची स्थिती यांना दिलेला आहे. स्त्रियांविषयीचे विवेचन विशेष विस्तृत आहे.

रमाबाई अमेरिकेत आगगाडीने दूरदूर हिंडल्या आणि गावोगावी व्याख्याने दिली. त्या काळात एका विधवा हिंदी स्त्रीने एवढा प्रवास करावा, हे त्या लोहमार्गांमुळेच शक्य झाले. तरीही त्यांचे लक्ष गाडीवर रेंगाळत नाही. गाडी ज्या गावाला पोहोचविते तेथील शाळा, स्त्रियांच्या संस्था व सभा यांच्याकडे ते वळते. लोक आपणहून एकत्र येतात, वर्गणी काढतात, संस्था स्थापन करतात आणि ती वर्षानुवर्षे चालवितात, या गोष्टीचे त्यांना विशेष अप्रूप वाटते. मद्यपानविरोधी चळवळीतील स्त्रियांच्या संघटनेचा त्यांनी केलेला गौरव या दृष्टीने पाहावा. देशाची प्रगती घडविणारे खरे साधन त्यांना या संघटनशक्तीत दिसले.

हा ग्रंथ पारतंत्र्यातील वाचकासाठी लिहिलेला आहे, हेही विसरता येणार नाही. इंग्रजांच्या सत्तेतून मुक्त होऊन लोकांनी स्वतःचे राज्य उभारलेला देश असे अमेरिकेचे रूप मराठी वाचकासमोर ठेवण्यात एक अर्थ दडलेला होता. तो उघडपणे सांगण्याची आवश्यकता नव्हती. तुलना वाचकाच्या मनात आपोआप होत होती.

मात्र हा ग्रंथ केवळ स्तुतिपाठ नाही. कृष्णवर्णीय लोकांना मिळणारी भेदभावाची वागणूक रमाबाईंनी पाहिली आणि नोंदविली. येथील जातिभेदाची तेथील वर्णद्वेषाशी असलेली जवळीक जातिव्यवस्थेचे चटके जाणणाऱ्या लेखिकेच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांवर गोऱ्या वसाहतकारांनी केलेल्या अन्यायाविषयीही त्यांनी लिहिले. स्त्रियांच्या शिक्षणाची वाखाणणी करताना स्त्रियांना मतदानाचा समान हक्क नाही, याकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. (हा हक्क अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर १९२० साली मिळाला.) शरीर आवळून टाकणारे पोशाख आणि टोपीवर मिरविण्यासाठी होणारी पक्ष्यांची हत्या यांवरही त्यांनी टीका केली.

येथे परदेशस्थाच्या दुहेरी नजरेचे उत्तम उदाहरण आढळते. ज्या देशाने आपल्याला आसरा, आदर आणि साहाय्य दिले, त्या देशाचे दोष सांगताना रमाबाई अडखळत नाहीत. आणि दोष दिसले म्हणून गुण नाकारीतही नाहीत. कृतज्ञता आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, हे त्यांच्या लेखनातून शिकता येते.

५.२.५ परतीचे सामान

परदेशी राहिलेला माणूस परत येताना काय घेऊन येतो? हा प्रश्न वस्तूंपुरता मर्यादित ठेवला, तर उत्तर क्षुल्लक राहते. रमाबाईंच्या बाबतीत ते मोलाचे आहे.

त्यांनी अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि ती आपल्या शाळेत आणली. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. निरनिराळ्या गावांतील मंडळांनी दहा वर्षे नियमित वर्गणी देऊन हिंदू विधवांच्या शाळेचा भार उचलावा, अशी तिची योजना होती. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई (आनंदीबाई कर्वे) या तेथील आरंभीच्या विद्यार्थिनी होत. नंतरच्या काळात केडगाव येथील ‘मुक्ति सदना’त स्त्रियांना विणकाम, तेलघाणा, छापखाना असे उद्योग शिकविले जात. तेथील स्त्रिया खिळे जुळवीत व छपाई करीत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले.

छापखाना हेही यंत्रच आहे आणि महाराष्ट्रात ते नवे नव्हते. नवे होते ते त्यावर कोणाचे हात चालतात हे. केस कापून, अंधाऱ्या खोलीत बसविली जाणारी विधवा खिळे जुळवून पुस्तक तयार करू लागली, तेव्हा जुन्याच यंत्राचा सामाजिक अर्थ बदलला. रमाबाईंनी अमेरिकेत पाहिलेल्या लोकस्थितीचे हे महाराष्ट्रातील रूपांतर होय. तिकडचे जसेच्या तसे उचलून आणण्याऐवजी येथील गरजेनुसार त्याची पुनर्रचना त्यांनी केली.

या कार्याला वादाची बाजूही होती. शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून १८९० च्या दशकात पुण्यात मोठे वादळ उठले आणि अनेक हिंदू पाठीराखे दूर झाले. परदेशाशी जोडलेला माणूस मायदेशी आपलाच राहिला आहे का, अशी शंका समाज घेत असतो. परतलेल्या परदेशस्थाला या शंकेचे ओझे वाहावे लागते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) रमाबाईंच्या अमेरिकाविषयक ग्रंथाच्या नावातील कोणते पद आधी येते?
(२) ‘रमाबाई असोसिएशन’ची स्थापना कोठे झाली?
(३) रमाबाईंनी अमेरिकेत कोणत्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला?

५.२.६ विसावे शतक आणि त्यानंतर

आगबोटीची जागा विमानाने घेतली, तेव्हा अंतराचे माप पुन्हा बदलले. पण यंत्राने उघडलेली वाट कायदा बंद करू शकतो, हे या शतकाने दाखविले. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली आणि १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना स्थलांतराचे दार लावून घेतले. १९४६ नंतर भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या १०० जणांची मर्यादा ठरविण्यात आली. १९६५ च्या कायद्याने ही राष्ट्रनिहाय पद्धत मोडली आणि त्यानंतर डॉक्टर, अभियंते, संशोधक अशा शिक्षित मराठी कुटुंबांचे अमेरिकेत वास्तव्य वाढले. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांची शिखरसंस्था म्हणून ‘बृहन्महाराष्ट्र मंडळ’ स्थापन झाले. अधिवेशने, मराठी शाळा, नाट्यप्रयोग, गणेशोत्सव यांतून परदेशस्थ मराठी समाजाने आपले सांस्कृतिक जीवन उभारले. संघटनशक्तीविषयीचे रमाबाईंचे निरीक्षण येथे वेगळ्या संदर्भात पुन्हा आठवते.

संपर्काची साधनेही झपाट्याने बदलली. निळ्या एरोग्रामची वाट पाहण्याचे दिवस, आधी नोंदवून ठेवलेला ट्रंक कॉल, ध्वनिफितीवर मुद्रित करून पाठविलेला आजीचा आवाज, हा एक टप्पा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली आणि ई-मेलचा टप्पा आला. त्यानंतर चित्रसंवाद आणि व्हॉट्सअॅप आले. आनंदीबाईंना ज्या उत्तरासाठी दोन महिन्यांहून अधिक थांबावे लागे, ते आता क्षणात येते.

मग परदेशस्थाचे दुःख संपले का? तसे दिसत नाही. त्याचे रूप पालटले आहे. पूर्वी बातमी उशिरा येई, आता बातमी तत्काळ येते आणि माणूस उशिरा पोहोचतो. न्यू यॉर्कमधील मुलाच्या रात्री पुण्यातील आईची सकाळ सुरू होते. पडद्यावर तिचा चेहरा दिसतो, पण हाताला ताप लागत नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे भारतात येणारी नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली, तेव्हा अनेकांना आई-वडिलांचे अंत्यसंस्कार भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहावे लागले. संपर्काचे यंत्र पूर्णपणे चालू होते आणि प्रवासाचे यंत्र पूर्णपणे बंद. ही दोन साधने एकच नव्हेत, हा धडा त्या काळाने दिला.

हा अनुभव केवळ सुस्थित वर्गाचा नाही. आखाती देशांत मजुरी, वाहनचालन किंवा सेवाक्षेत्रातील कामे करण्यासाठी गेलेल्या कोकणातील आणि राज्याच्या इतर भागांतील माणसांनाही तो आला आहे. मात्र अभियंत्याचे अनुभवलेखन छापले जाते, मजुराचे क्वचितच. ‘परदेशस्थ मराठी लेखन’ म्हणताना आपण कोणाचे लेखन वाचतो आणि कोणाचे आपल्यापर्यंत येतच नाही, हा प्रश्न अभ्यासकाने मनाशी जागा ठेवावा.

५.२.७ असे लेखन कसे वाचावे?

वरील विवेचनातून वाचनाची एक पद्धत हाती येते. परदेशस्थाचे कोणतेही लेखन वाचताना पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

(१) साधन : लेखकाने कोणत्या यंत्राचे किंवा सोयीचे वर्णन केले आहे? ते वर्णन पाहून लिहिलेले आहे की वापरून?
(२) व्यवस्था : ते साधन कोणत्या कायद्यावर, सवयीवर, श्रमावर किंवा संघटनेवर उभे आहे, याची जाणीव लेखकाला आहे का?
(३) वंचित : त्या साधनाचा लाभ कोणाला मिळत नाही, हे लेखकाला दिसते का?
(४) परतीची नजर : मायदेशाकडे पाहताना लेखक केवळ दोष दाखवितो, केवळ आठवणींत रमतो, की दोन्ही समाजांना एकच कसोटी लावतो?

चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. परदेशातील स्वच्छ रस्ते आणि मायदेशातील खड्डे यांची तुलना करणारे लेखन विपुल आहे. त्याचप्रमाणे परदेशातील एकटेपणा आणि मायदेशातील माणुसकी यांची तुलना करणारेही. दोन्ही प्रकारांत एका देशाचे उत्तम आणि दुसऱ्याचे अधम यांची गाठ घातलेली असते. रमाबाईंनी वर्णद्वेष आणि जातिभेद या दोहोंना मानवी समतेची एकच कसोटी लावली. म्हणून त्यांचा ग्रंथ आजही जुना वाटत नाही.

५.३ समारोप

या घटकात आपण प्रवासी आणि परदेशस्थ यांच्या भूमिकांतील फरक पाहिला. एकोणिसाव्या शतकातील दळणवळणाच्या क्रांतीने मराठी माणसाला समुद्रापार नेले, परंतु त्यासाठी त्याला, आणि विशेषतः तिला, सामाजिक बंधनांशी झुंजावे लागले. आनंदीबाईंच्या पत्रांतून विलंबाने घडविलेले नाते आणि वैद्यकशास्त्राची त्या काळची मर्यादा दिसते. रमाबाईंच्या ग्रंथातून यंत्रामागील लोकव्यवस्था समजून घेण्याची दृष्टी मिळते, आणि त्यांच्या पुढील कार्यातून ती दृष्टी कृतीत कशी उतरते हे कळते. आजच्या परदेशस्थाची साधने वेगळी असली, तरी साधन, व्यवस्था, वंचित आणि परतीची नजर हे चार प्रश्न त्याच्याही लेखनाला लागू पडतात.

५.४ शब्दार्थ

लोकस्थिती – एखाद्या देशातील लोकांच्या जगण्याची एकंदर अवस्था.
तारायंत्र – विजेच्या साहाय्याने तारेवरून संदेश पाठविण्याचे साधन.
मजल – एका दिवसात चालून जाण्याचे अंतर.
खिळे – छपाईसाठी वापरली जाणारी धातूची अक्षरे.
प्रायश्चित्त – दोषनिवारणासाठी करावयाचा धार्मिक विधी.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) सिटी ऑफ कलकत्ता (२) टपाल (३) १८६९

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(१) रमाबाईंच्या ग्रंथाच्या नावात ‘लोकस्थिति’ हे पद आधी येते.
(२) ‘रमाबाई असोसिएशन’ची स्थापना बॉस्टन येथे झाली.
(३) रमाबाईंनी फ्रोबेलच्या बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
(१) ‘यंत्र पाहणे सोपे, व्यवस्था पाहणे अवघड’ या विधानाच्या आधारे पंडिता रमाबाईंच्या अमेरिकाविषयक लेखनाचे परीक्षण करा.
(२) पत्र पोहोचण्यास लागणारा काळ पत्राच्या आशयावर कसा परिणाम करतो, ते आनंदीबाई जोशी यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

(आ) टिपा लिहा.
(१) प्रवासी आणि परदेशस्थ
(२) केडगावचा छापखाना
(३) कायदा आणि स्थलांतर

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या कुटुंबात किंवा परिसरात परगावी अथवा परदेशी राहिलेल्या व्यक्तीने घरी पाठविलेली जुनी पत्रे मिळवा. संबंधितांची अनुमती घेऊन त्यांतील तीन पत्रे वाचा. पत्र लिहिल्याची व मिळाल्याची तारीख, पत्रात विचारलेले प्रश्न आणि न लिहिलेल्या परंतु जाणवणाऱ्या गोष्टी यांची नोंद करा. तीच व्यक्ती आज भ्रमणध्वनीवरून कशी बोलते, हे विचारून दोहोंची तुलना करणारी दोन पृष्ठांची टिपणी तयार करा आणि आपल्या अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात तिच्यावर चर्चा करा.